लागेल अशी डीव्हीडी घरी कशी राइट करायची

मामांच्या पंचाहत्तरीचं शूटिंग मी वीस डीव्हीडींवर राइट केलं आणि पेढ्यांच्या पुड्याबरोबर नातेवाइकांना वाटलं. आठवड्याभरात फोन सुरू झाले. पहिला साताऱ्याच्या आत्याचा. "अरे, ती तुझी डीव्हीडी आमच्याकडे लागतच नाहीये. नुसतीच गरगर फिरतीये." शेवटी मोजदाद केली तेव्हा वीसातल्या अकरा लागत नव्हत्या. माझ्या कॉम्प्युटरवर मात्र वीसच्या वीस व्यवस्थित चालत होत्या, त्यामुळे मला जराही शंका आली नव्हती.

नंतर शोधलं तेव्हा कळलं की पहिल्या आठ डिस्क राइट करताना विंडोजने विचारलेला प्रश्न न वाचताच मी 'नेक्स्ट' दाबलं होतं. त्या आठ कुठल्याच प्लेअरवर लागणं शक्य नव्हतं. उरलेल्या तीन डिस्कच भिकार होत्या, पदपथावरून सुट्या गठ्ठ्यात घेतलेल्या. आणि वाटण्याआधी त्यातली एकही मी दुसऱ्या यंत्रात लावून पाहिली नव्हती. तेव्हापासून माझ्या लेखी राइट झालेली डीव्हीडी दुसऱ्या यंत्रात लागेपर्यंत झालेलीच नसते. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

आजच्या काळात डीव्हीडी कोण करतं, असं विचारणारे भेटतात. ज्यांच्या घरी सत्तरीच्या पुढचे आईवडील आहेत आणि टीव्हीखाली जुना प्लेअर आहे, ते करतात. भजनी मंडळं करतात, नाट्यसंस्था करतात. वकील पुराव्याची फाइल अनेकदा डिस्कवर मागतात. आणि ज्यांना लग्नाचे, बारशाचे फोटो फक्त एका हार्डडिस्कच्या भरवशावर ठेवायला भीती वाटते, तेही करतात. तुम्ही यांपैकी कुणी असाल तर पुढे वाचा.

पहिली पायरी: डिस्क कशात लागणार आहे?

हा प्रश्न सॉफ्टवेअरच्या आधी सोडवायचा, कारण डीव्हीडी दोन प्रकारे राइट होते आणि नवखा माणूस हमखास इथेच फसतो.

डेटा डिस्क म्हणजे फाइली आहेत तशा उतरवणं. फोटो, पीडीएफ, मोबाइलचे व्हिडिओ, काहीही. ती कॉम्प्युटरवर उघडते. काही प्लेअर डेटा डिस्कवरची एमपी-थ्री गाणी आणि काही प्रकारचे व्हिडिओ वाजवतात, पण आत्याच्या प्लेअरला मोबाइलची एमपी-फोर फाइल कळेल याचा काही भरवसा नाही.

व्हिडिओ डिस्क म्हणजे बाजारातल्या सिनेमाच्या डीव्हीडीची असते तशी रचना. तिच्यात 'व्हिडिओ_टीएस' नावाचा फोल्डर असतो, त्यात आयएफओ, बीयूपी आणि व्हीओबी अशा फाइली असतात आणि चित्र एमपेग-टू या जुन्या पद्धतीत दाबलेलं असतं. ही डिस्क जवळपास कुठल्याही प्लेअरवर लागते. फक्त मोबाइलचा व्हिडिओ आधी या रचनेत बदलून घ्यावा लागतो. नुसती फाइल उचलून डिस्कवर टाकली की व्हिडिओ डिस्क होत नाही. माझ्याकडे मदत मागायला येणाऱ्यांपैकी निम्म्यांची अडचण एवढीच असते.

आता विंडोजच्या त्या प्रश्नाबद्दल. कोरी डिस्क आत घातली की विंडोज विचारतं, ही डिस्क कशी वापरणार: यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी की सीडी-डीव्हीडी प्लेअरबरोबर? पहिला पर्याय डिस्कला पेनड्राइव्हसारखं वागवतो, हव्या तेव्हा फाइली टाकता येतात. ऐकायला सोयीचं वाटतं, पण अशी डिस्क प्लेअरला वाचता येत नाही, आणि जुन्या कॉम्प्युटरवरही कधीकधी अडते. नेहमी दुसरा पर्याय घ्या. मात्र तो घेतला म्हणून तुमची एमपी-फोर फाइल आपोआप प्लेअरवर लागेल असं समजू नका. त्यातूनही डेटा डिस्कच तयार होते. नाव फसवं आहे, त्याला इलाज नाही.

दुसरी पायरी: रायटर

नव्या लॅपटॉपमध्ये रायटर येत नाही, त्यामुळे यूएसबीला जोडायचा बाहेरचा, चपटा रायटर घ्यावा लागतो. एलजी, असूस वगैरे कुठलाही नावाजलेला चालेल. असले चपटे रायटर डीव्हीडी साधारण ८एक्स, म्हणजे डीव्हीडीच्या मूळ वेगाच्या आठ पट, वेगाने राइट करतात आणि तो वेग पुरेसा आहे. घरी जुना डेस्कटॉप असेल आणि त्याचा मोठा रायटर चालू असेल तर तोच वापरा, तो बहुधा जास्त स्थिर लिहितो.

रायटर यूएसबी हबला जोडू नका, थेट लॅपटॉपच्या पोर्टला जोडा. राइट करताना लेझरला जास्त वीज लागते आणि हबमधून ती कमी पडली की डिस्क मध्येच वाया जाते. केबलला दोन यूएसबी पिना असतील तर दोन्ही लावा. आणि रविवारी जुन्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या रायटरचा मोह आवरा. रायटरचं लेझर वापरून वापरून थकतं, आणि थकलेलं लेझर डिस्क वाचतं, पण नीट लिहीत नाही. त्यामुळे दुकानदाराने समोर सिनेमा लावून दाखवला तरी त्यातून काही सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी: कोरी डिस्क

इथे थोडं थांबू, कारण सॉफ्टवेअर चुकलं तर बदलता येतं, पण भिकार डिस्क दोन वर्षांनी दगा देते आणि तोवर मूळ फाइल कुणीतरी पुसलेली असते.

डीव्हीडी म्हणजे प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन पॉलिकार्बोनेट चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या. दोन्हींच्या मध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर आणि त्यामागे चमकणारा धातूचा थर. रायटरचं लाल लेझर त्या रंगावर सूक्ष्म खुणा उमटवतं आणि प्लेअरचं लेझर त्या खुणा वाचतं. म्हणजे तुमचं लग्न, तुमचं बारसं हे सगळं शेवटी एका रंगाच्या थरात आहे. रंग चांगला, एकसारखा पसरलेला आणि कडेने नीट सीलबंद असेल तर डिस्क टिकते. स्वस्तातल्या डिस्कमध्ये नेमकी इथेच काटकसर केलेली असते.

डिस्कच्या नावात आर (एकदाच लिहिता येणारी) आणि आरडब्ल्यू असे दोन प्रकार दिसतील, आणि त्यांच्या आधी मायनस किंवा प्लस. मायनस पद्धत १९९७ची, पायोनियरने आणलेली. प्लस पद्धत नंतरची, दुसऱ्या कंपन्यांच्या गटाची. आजचे सगळे रायटर दोन्ही लिहितात. जुन्या प्लेअरसाठी माझी पसंती डीव्हीडी मायनस आरला, कारण अगदी जुने प्लेअरही ती बहुधा निमूटपणे स्वीकारतात. नुसता डेटा ठेवायचा असेल तर प्लस आरही उत्तम.

आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क. तिच्यावरून परतणारा प्रकाश कमी असल्याने जुने प्लेअर अडखळतात, म्हणून वाटण्यासाठी किंवा जपून ठेवण्यासाठी ती घेऊ नका. पण एक मात्र नक्की विकत घ्या, सरावासाठी. पहिला प्रयत्न आरडब्ल्यूवर करा, मेनू बरोबर आला का पाहा, आवाज नीट आहे का ऐका, मगच आर डिस्कला हात लावा. माझ्याकडे अशी एकच डिस्क कित्येक वर्षं फिरतेय.

डबल लेअर, म्हणजे ८.५ जीबीची डिस्क, नवख्यांनी टाळावी. महाग असते, जुन्या प्लेअरवर जास्त हट्ट करते, आणि सिनेमा एका थरातून दुसऱ्या थरात जाताना चित्र क्षणभर थांबतं ते वेगळंच. दोन साध्या डिस्क करा.

आता ब्रँड. डिस्कच्या पुड्यावरचं नाव आणि डिस्क बनवणारा कारखाना हे एकच असतील असं नाही. डिस्कवर कारखान्याची एक सांकेतिक ओळख आधीच कोरलेली असते, आणि इम्गबर्नसारखं सॉफ्टवेअर ती उजवीकडच्या चौकटीत 'डिस्क आयडी' म्हणून दाखवतं. तिथे एमसीसीने सुरू होणारा संकेत दिसला तर ती मूळ मित्सुबिशीच्या पद्धतीची डिस्क. सीएमसी आणि रायटेक हे तैवानचे कारखाने. जपानच्या तायो युडेनच्या डिस्क जाणकार शोधून शोधून घ्यायचे, पण त्या कंपनीने २०१५मध्ये हा धंदा सोडला. आपल्याकडे घरोघरी दिसणारी मोझर बेअर २०१८मध्ये अवसायनात गेली. त्यामुळे त्या नावाचं पाकीट कुणी 'एकदम फ्रेश माल' म्हणून समोर ठेवलं तर तो बहुधा बरीच वर्षं गोदामात पडून राहिलेला माल असतो. कोऱ्या डिस्कचा रंगही काळाबरोबर उतरतो, हे लक्षात ठेवा. व्हर्बेटिम हा ब्रँडही २०१९मध्ये मित्सुबिशीने सीएमसीला विकला, तरी माझ्या अनुभवात आज सहज मिळणाऱ्यांत तोच बरा. पुड्यावर 'अझो' लिहिलंय का तेवढं बघा. हे त्यांच्या जुन्या, टिकाऊ रंगाचं नाव आहे आणि त्यांच्या सगळ्याच डिस्कवर ते नसतं.

आम्ही पुणेकर असल्या खरेदीला आधी बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत जातो. जा, पण एका फटक्यात पन्नासचा डबा घेऊ नका. दहाचं पाकीट घ्या, घरी आणा, दोन डिस्क राइट करून दोन वेगळ्या यंत्रांत लावून बघा, डिस्क आयडी वहीत लिहा. पटलं तर त्याच दुकानातून तोच माल पुन्हा घ्या. पाकिटाचं प्लास्टिक फाटलेलं असेल किंवा डिस्क सुट्या, बिनडब्याच्या असतील तर भाव कितीही कमी असो, नको म्हणा. डिस्क उजेडात तिरकी धरून बघा. रंगात डाग, लाटा किंवा कडेला फिकट पट्टा दिसला तर ती बाजूला.

एम-डिस्क नावाचाही एक प्रकार असतो. त्यात सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा अकार्बनी थर असतो, आणि बनवणाऱ्यांनी ती हजार वर्षं टिकेल असा दावा केला होता. हजार वर्षांनी कोण तपासणार, ते सोडा, पण कल्पना चांगली आहे. सगळे रायटर ती लिहू शकत नाहीत, म्हणून घेण्याआधी आपल्या रायटरवर तिचं चिन्ह आहे का बघा.

चौथी पायरी: सॉफ्टवेअर

डेटा डिस्क करायची असेल तर विंडोजमधलीच सोय पुरते, पण तिच्यात एक मोठी उणीव आहे. फोल्डरमधून सरळ राइट केलं की विंडोज डिस्क पुन्हा वाचून तपासत नाही. मामांच्या वेळी मला हेच माहीत नव्हतं. तेवढ्यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यायचं.

विंडोजवर माझी निवड इम्गबर्न. फुकट आहे, छोटं आहे, आणि शेवटची आवृत्ती २०१३ची असूनही विंडोज १० आणि ११वर चालतं. डीव्हीडी राइट करण्याच्या पद्धतीत त्यानंतर काही बदललंच नाही, त्यामुळे जुनं असण्याची अडचण येत नाही. दोन सूचना मात्र देतो. इन्स्टॉल करताना ते सोबत दुसरी सॉफ्टवेअर घालायला बघतं, म्हणून प्रत्येक पडदा वाचा आणि नको त्या खुणा काढून टाका. आणि उघडल्यावर जी सहा मोठी बटणं दिसतात त्यांना घाबरू नका. नवख्याला तीनच लागतात: फाइली डिस्कवर लिहिणं, इमेज (म्हणजे पूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) डिस्कवर लिहिणं, आणि डिस्क तपासणं. राइट करण्याच्या पडद्यावर 'व्हेरिफाय'ची, म्हणजे तपासणीची, खूण कायम चालू ठेवा.

त्याचा पडदा किचकट वाटत असेल तर सीडीबर्नरएक्सपी घ्या. तेही फुकट आहे, फाइली ओढून टाकायच्या एवढंच काम. त्यातही राइट झाल्यावर तपासण्याचा पर्याय असतो, पण तो तुम्हाला चालू करावा लागतो. नीरो पैसे देऊन मिळतं आणि त्यात काहीही वाईट नाही, पण घरगुती वीस-पंचवीस डिस्कसाठी पैसे घालवण्याचं कारण मला दिसत नाही.

लिनक्सवाल्यांना के-थ्री-बी आहे, आणि ते खरं सांगायचं तर या सगळ्यांत नीटनेटकं आहे. मॅकवर फाइंडरमधूनच डेटा डिस्क राइट होते. पुढे जाऊ.

व्हिडिओ डिस्कसाठी आधी व्हिडिओ बदलून मेनू बनवणारं सॉफ्टवेअर लागतं. विंडोज व्हिस्टा आणि ७मध्ये विंडोज डीव्हीडी मेकर असायचं, विंडोज ८पासून ते काढून टाकलं. आता फुकटात सगळ्यात सोयीचं डीव्हीडीस्टायलर. ते विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीवर चालतं. नवा प्रोजेक्ट सुरू करताना तीन गोष्टी तिथेच ठरवा. पद्धत पाल निवडा, आपल्याकडचे टीव्ही आणि प्लेअर त्याचेच. म्हणजे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं आणि सेकंदाला २५ चौकटी. पडद्याचा आकार सोळा-नऊ. डिस्कचा आकार ४.७ जीबी.

मोबाइलवर उभा धरून काढलेला व्हिडिओ डीव्हीडीवर दोन बाजूंना काळ्या पट्ट्यांसह येईल, हे आधीच सांगतो. तसंच आजच्या मोबाइलचं चित्र डीव्हीडीच्या कितीतरी पट बारीक असतं, त्यामुळे व्हिडिओ डिस्क बघून 'हे असं धूसर का दिसतंय' असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून मी नेहमी दोन डिस्क करतो. एक व्हिडिओ डिस्क, टीव्हीवर बघायला. दुसरी डेटा डिस्क, तिच्यावर मूळ फाइली जशाच्या तशा. नातू मोठा झाल्यावर त्याला दुसरीच लागणार आहे.

पाचवी पायरी: किती मावतं?

पुड्यावर ४.७ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ४.३८ दाखवतं. फसवणूक नाही. कंपनी ४७० कोटी बाइट मोजते आणि विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, एवढाच फरक.

पण ४.३८ही पूर्ण भरू नका. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, आणि कडेच्या भागात रंगाचा थर कमी एकसारखा असतो, हात लागतात, ओरखडे पडतात. चुका तिथेच जास्त होतात. मी विंडोजच्या मोजणीने ४.२ जीबीच्या पुढे जात नाही. शेवटचे थोडे फोटो दुसऱ्या डिस्कवर गेले तर बिघडत नाही.

व्हिडिओचं गणित असं. एक तासाचं चित्र जवळपास सर्वोत्तम दर्जात मावतं, कारण डीव्हीडीला चित्रासाठी सेकंदाला ९.८ मेगाबिटपेक्षा जास्त चालतच नाही. दोन तासांना साधारण ५ मेगाबिट वाट्याला येतात, तेही चांगलं. तीन तासांना साडेतीनच्या आसपास, आणि तिथे नाचणाऱ्या वऱ्हाडाचे चेहरे चौकोनी होऊ लागतात. लग्नाचं पूर्ण शूटिंग एका डिस्कवर कोंबण्यापेक्षा सीमांतपूजन आणि हळद एकीवर, लग्न आणि पंगत दुसरीवर अशी वाटणी करा.

सहावी पायरी: प्रत्यक्ष राइट करणं

सगळ्या फाइली आधी लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर आणा. पेनड्राइव्हवरून, मोबाइलवरून किंवा वायफायवरून थेट राइट करू नका. फाइली वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हच्या फोल्डरमध्ये असतील तर त्या खरोखर उतरल्या आहेत का बघा. नुसतं नाव दिसतं आणि फाइल इंटरनेटवरच असते, असं होतं. फाइलींची नावं छोटी ठेवा. देवनागरी नावं कॉम्प्युटरवर चालतात, पण प्लेअरच्या पडद्यावर त्यांचे चौकोन होतात.

डीव्हीडीस्टायलरला थेट डिस्क लिहायला सांगू नका, आयएसओ फाइल, म्हणजे डिस्कची इमेज, बनवायला सांगा. ती आधी व्हीएलसी या व्हिडिओ बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून पूर्ण बघा. मेनू, आवाज, प्रत्येक प्रकरणाची सुरुवात. सगळं नीट असेल तर तीच फाइल इम्गबर्नमधून राइट करा. वीस प्रती हव्या असतील तरी फाइल एकदाच बनते. इम्गबर्न टाकायचंच नसेल तर विंडोज ७पासून पुढे त्या फाइलवर उजवी क्लिक करूनही राइट करता येतं, आणि तिथे तपासणीची खूणही मिळते.

वेगाबद्दल लोक दोन टोकांना असतात. कुणी सगळ्यात जास्त वेग लावतं. कुणी म्हणतं, जितकं हळू तितकं चांगलं. १६एक्सच्या डिस्कचा रंग जलद लिहिण्यासाठी बनवलेला असतो, त्यामुळे अगदी हळू वेगात तो उलट वाईट लिहिला जाऊ शकतो. मी ८एक्स लावतो. एक भरलेली डिस्क साधारण आठ मिनिटांत होते. ४एक्सला सुमारे पंधरा मिनिटं लागतात. डीव्हीडीचा १एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १.४ मेगाबाइट, सीडीच्या १एक्सच्या नऊ पट, म्हणून सीडीचे आकडे इथे लावू नका.

राइट चालू असताना लॅपटॉपवर सिनेमा बघू नका, रायटर हलवू नका, टेबलावर पोरं उड्या मारत असतील तर टेबल बदला. आणि गुरुवार टाळा. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे सांगायला नको, पण डेस्कटॉपवर बसून डिस्क राइट करताना ते आठवत नाही. मी अशा दोन डिस्क फुकट घालवल्या आहेत.

शेवटी डिस्क बंद करायची, म्हणजे 'फायनलाइझ'. नंतर आणखी फाइली टाकू म्हणून डिस्क उघडी ठेवली तर प्लेअर ती ओळखत नाही. इम्गबर्न स्वतःच बंद करतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तशी खूण आहे का बघा.

सातवी पायरी: तपासणी

राइट झाली की व्हेरिफाय सुरू होतं. त्यासाठी रायटर डिस्क एकदा बाहेर काढून पुन्हा आत घेऊ पाहतो. डेस्कटॉपचा ट्रे आपोआप आत जातो, पण चपट्या रायटरचा ट्रे हाताने ढकलावा लागतो. नवख्या माणसाला हे माहीत नसतं. तो चहा प्यायला जातो, परत येतो तेव्हा ट्रे उघडा आणि सॉफ्टवेअर वाट बघत थांबलेलं, आणि त्याला वाटतं काम झालं. ट्रे ढकला. तपासणी पूर्ण होऊ द्या. एकही चूक आली तर ती डिस्क द्यायची नाही.

पण ही तपासणी ज्याने लिहिलं त्याच रायटरने केलेली असते. आपलं अक्षर आपल्याला वाचता येतंच. म्हणून पुढे दुसऱ्या यंत्रात लावायची, आणि ते यंत्र जितकं जुनं, कुरकुरणारं तितकं चांगलं. माझ्याकडे आईचा जुना प्लेअर त्यासाठीच ठेवलाय. व्हिडिओ डिस्क असेल तर सुरुवात, मध्य आणि शेवटची पाच मिनिटं बघा. शेवट जरूर बघा, कारण तो कडेला असतो. डेटा डिस्क असेल तर दुसऱ्या कॉम्प्युटरवर सगळा फोल्डर कॉपी करून बघा. कॉपी न अडखळता पूर्ण झाली म्हणजे प्रत्येक फाइल वाचली गेली. नुसती नावं दिसली म्हणजे काहीच कळत नाही. नावांची यादी डिस्कच्या सुरुवातीलाच असते.

बऱ्याच प्रती असतील तर निदान पहिली, मधली आणि शेवटची अशा दुसऱ्या यंत्रात लावा. मामांच्या डिस्कसाठी दुसऱ्यांदा पेढ्यांशिवाय साताऱ्याला गेलो, तेव्हा वीसच्या वीस लावून पाहिल्या होत्या. आत्या म्हणाल्या, "लागली बाबा एकदाची."

आठवी पायरी: लिहिणं आणि ठेवणं

डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नका. कागद ओल धरतो, डिस्क एका बाजूला जड होते, आणि पुढेमागे लेबल सुटलं की प्लेअरच्या आत अडकतं. पाण्यावर आधारलेल्या मऊ टोकाच्या पेनने लिहा, शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. बॉलपेन नको. डब्यातून काढताना मधलं बटण दाबून डिस्क सुटू द्या, कडेने वाकवून ओढू नका. दोन चकत्या चिकटवलेल्या असतात आणि वाकवलं की कडेने त्या सुटायला लागतात, मग हवा आत शिरून धातूचा थर काळा पडतो. कागदी पाकिटापेक्षा कडक डबी बरी, आणि डबी पुस्तकासारखी उभी ठेवायची.

अमेरिकेतल्या मानक संस्थेने २००३मध्ये डिस्क सांभाळण्याची जी मार्गदर्शिका काढली तिच्यात तापमान २० अंशांच्या आत आणि आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत असावी असं म्हटलंय. लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय फिल्मच्या रिळांसाठी असं हवामान सांभाळू शकतं. आपल्याला जुलैतल्या पुण्यात ते कुठून जमणार? जमेल तेवढं करायचं. माळ्यावर ठेवू नका, मे महिन्यात तिथे भट्टी होते. गाडीत तर नाहीच. बाहेरच्या भिंतीला न लागलेल्या कपाटात, मधल्या खणात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पावसाळ्यानंतर पुड्या बदला.

आणि दुसरी प्रत दुसऱ्या घरी. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून घरोघरचे फोटोंचे अल्बम वाहून गेले. आमच्या आजोबांच्या लग्नाचा एकही फोटो शिल्लक नाही, कारण होते ते सगळे एकाच ट्रंकेत. माझ्या डिस्कची एक प्रत बहिणीकडे असते, तिच्या माझ्याकडे.

वर्षातून एकदा सगळ्या डिस्क लावून बघतो. त्यासाठी मी खंडेनवमीचा दिवस ठरवलाय. त्या दिवशी तसाही रायटरला झेंडू वाहायचा असतो. प्रत्येक डिस्कमधला एखादा मोठा फोल्डर कॉपी करतो आणि किती वेळ लागला ते वहीत लिहितो. गेल्या वर्षी सहा मिनिटांत झालेली कॉपी या वर्षी वीस मिनिटं घेत असेल, मध्येच रायटर थांबून पुन्हा पुन्हा फिरत असेल, तर ती डिस्क अजून वाचता येतेय तोवर त्याच दिवशी नव्या डिस्कवर उतरवून घ्यायची.